मास्टरमाइंडचा डबा: लाल नाहीच, तरी लाल का लावायचा?

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी आली, तेव्हा नातही सोबत होती. ती पुण्याला असते, आठवीची परीक्षा देऊन नुकतीच मोकळी झालेली. आमच्या अमळनेरात वैशाखात सकाळी दहानंतर पोरांना घराबाहेर सोडायची सोय नसते. ऊन असं तापतं की बोरी नदीच्या पुलावर माणूस दिसत नाही. गौराईची गाणी आणि झोके संध्याकाळचे. दुपारचे पाच-सहा तास चार भिंतींतच काढायचे. म्हणून आखाजीच्या आठवडाभर आधी जळगावला गेलो होतो, तेव्हा फुले मार्केटजवळच्या एका खेळण्यांच्या दुकानातून मास्टरमाइंडचा डबा घेऊन आलो. छापील किंमत ४२५ रुपये, मला ३८० ला मिळाला.

त्याला आता दोन महिने झाले. घरातल्या पाच जणांनी मिळून शंभराच्या वर डाव खेळले आहेत आणि प्रत्येक डाव वहीत उतरवला आहे, त्यामुळे हे दोन दिवसांच्या कौतुकातून लिहिलेलं नाही. खेळ फार चांगला आहे. डब्यातला माल मध्यम आहे, आणि सोबत दिलेला नियमांचा कागद वाईट आहे. पण मला मुख्य सांगायचं आहे ते वेगळंच. या खेळाच्या पोटात एक सुंदर गणित आहे. घरातल्या एका माणसाने ते समजून घेतलं तर बाकीच्यांनाही खेळ नव्याने कळतो.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक जण झाकणाआड चार भोकांत चार रंगीत खुंट्या लावून ठेवतो. रंग सहा, एकच रंग कितीही वेळा वापरता येतो. समोरचा अंदाजाने चार खुंट्या लावतो. लपवणारा बाजूच्या बारक्या भोकांत उत्तर देतो: रंगही बरोबर आणि जागाही बरोबर असेल तर एक काळी, रंग बरोबर पण जागा चुकली असेल तर एक पांढरी. कुठल्या खुंटीसाठी कुठली, हे सांगायचं नाही. आमच्या पाटावर अशा दहा ओळी आहेत, म्हणजे दहा अंदाज.

पाट जड आहे, सतरंजीवर सरकत नाही, हे आवडलं. भोकं मात्र साच्यातून काढल्यावर कुणी साफ केलेली दिसत नाहीत. पहिल्या दिवशी खुंट्या आत बसेनात, जोर लावला की शेजारच्या उडून पलंगाखाली जायच्या. मी मेणबत्तीचा तुकडा प्रत्येक भोकावरून फिरवला, तेव्हा कुठे बसायला लागल्या. केशरी खुंट्या दोन कमी निघाल्या. पुढच्या खेपेला दुकानदाराला सांगितलं तर त्याने एक शब्द न बोलता दुसऱ्या डब्यातून काढून दिल्या. चांगला माणूस आहे.

कागदाचं मात्र मनाला लागलं, कारण त्या कागदामुळे घरात रडारड झाली. एकाच रंगाच्या दोन खुंट्या आल्या तर उत्तर कसं द्यायचं, याबद्दल त्यावर एक अक्षर नाही. लेकीने लपवलं होतं लाल, हिरवा, पिवळा, निळा. नातीने अंदाज लावला लाल, लाल, निळा, निळा. पहिला लाल जागेवर, शेवटचा निळा जागेवर, म्हणजे दोन काळ्या. इथेच थांबायला हवं होतं. पण लेकीने विचार केला की दुसरा लालही लालच आहे, लाल तर आपल्याकडे आहे, मग त्याला पांढरी. तसंच दुसऱ्या निळ्यालाही पांढरी. उत्तर झालं दोन काळ्या, दोन पांढऱ्या. याचा अर्थ नातीने बरोबर काढला: झाकणाखाली दोन लाल आणि दोन निळेच आहेत, फक्त क्रम वेगळा. ती पोर पुढचे चार अंदाज लाल-निळ्यांची अदलाबदल करत बसली. झाकण उघडल्यावर हिरवा आणि पिवळा पाहून ती आईवर जी चिडली ती रात्री जेवणापर्यंत बोलली नाही. ताटात शेवभाजी होती, तिच्या आवडीची, तरी नाही.

तेव्हा डबा घेणाऱ्यांनी हे आधी वाचून ठेवा. आधी सगळ्या काळ्या मोजायच्या. काळी मिळालेल्या खुंट्या दोन्हीकडून मनातल्या मनात बाजूला काढायच्या. मग उरलेल्यांत एकाला एक जोडीदार शोधायचा, आणि जेवढ्या जोड्या जमतील तेवढ्या पांढऱ्या. ज्या खुंटीला जोडीदार नाही तिला काही नाही. लपवलेला लाल एकच असेल, तर अंदाजातल्या दोन लालांपैकी एकालाच उत्तर मिळतं. एक उत्तर चुकलं की पुढचा सगळा डाव खोट्या पायावर उभा राहतो. म्हणून आमच्या घरात आता उत्तर देणारा बारकी खुंटी लावण्याआधी दोनदा मोजतो.

हा खेळ कुणी शोधला हे कळल्यावर मला वेगळाच आनंद झाला. मोर्देकाय मेइरोविट्झ नावाच्या इस्रायली गृहस्थाने १९७० मध्ये तो तयार केला. हे गृहस्थ पोस्टमास्तर होते आणि दूरसंचारातले जाणकार. इंग्लंडमधल्या लेस्टरजवळच्या इन्विक्टा प्लास्टिक्स या कंपनीने १९७१ मध्ये तो बाजारात आणला. आकड्यांचा असाच खेळ लोक कागद-पेन्सिलीवर आधीपासून खेळत होते, त्याला बुल्स अँड काउज म्हणतात; रंगीत खुंट्या आणि पाट ही मेइरोविट्झ यांची देणगी. आता माझं सांगतो. मी १९८३ साली टपाल आणि तार खात्यात लाइनमन म्हणून लागलो. दोन वर्षांनी टपाल वेगळं झालं आणि दूरसंचार वेगळं. २००० साली आमचं बीएसएनएल झालं, आणि ३१ जानेवारी २०२० ला मी स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी आलो. आपल्याच धंद्यातल्या माणसाने हा खेळ काढला म्हटल्यावर तो मला घरचा वाटायला लागला. धंद्याचा संबंध पुढे आणखी येणार आहे.

पहिले दहा-बारा दिवस आम्ही सगळे मनाने खेळत होतो. चार वेगवेगळे रंग लावायचे, उत्तर बघायचं, एखादा रंग बदलायचा, पुन्हा बघायचं. कधी पाचव्यात सुटायचं, कधी आठव्यात. मग जावईबापू पाच दिवसांसाठी आले. त्यांचं काम कॉम्प्युटरचं. दोन डाव बघितल्यावर म्हणाले, "मामा, या खेळावर मोठ्या माणसाने काम करून ठेवलंय. कसंही लपवा, पाच अंदाजांत सुटतंच."

मोठा माणूस म्हणजे डोनाल्ड नूथ, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले. संगणकाच्या अभ्यासात त्यांचं नाव फार आदराने घेतात. १९७७ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की चार भोकं आणि सहा रंग असतील, तर पाचव्या अंदाजापर्यंत उत्तर हमखास सापडेल अशी पद्धत आहे. जावईबापूंनी ती पद्धत लॅपटॉपवर लिहून काढली, जेमतेम पन्नासएक ओळी. मी म्हटलं, मशीन काय करतं ते नंतर बघू, आधी मला वहीवर समजवा.

त्यांनी समजावलं ते असं. चार भोकं, प्रत्येकात सहांपैकी कुठलाही रंग: सहा गुणिले सहा गुणिले सहा गुणिले सहा, म्हणजे १२९६ शक्यता. अंदाज लावला की या १२९६ शक्यता उत्तरांप्रमाणे वेगवेगळ्या ढिगांत पडतात. एक काळी आली तर एक ढीग, दोन पांढऱ्या आल्या तर दुसरा, असे. उत्तर येतं तेव्हा एक ढीग हाती राहतो आणि बाकीचे सगळे कचऱ्यात जातात. कुठला ढीग हाती येईल ते आपल्या हातात नाही. मग नशिबाच्या भरवशावर न बसता असं करायचं: प्रत्येक अंदाजाचा सगळ्यात मोठा ढीग कुठला ते बघायचं, आणि ज्याचा मोठा ढीग इतरांच्या मानाने लहान, तो अंदाज खेळायचा. नशीब कितीही वाईट निघालं तरी त्यापेक्षा जास्त शक्यता उरणार नाहीत.

पहिल्याच अंदाजाला हे लावून बघा. चारही एकाच रंगाच्या लावल्या, तर मोठा ढीग ६२५ चा. तीन एक रंगाच्या आणि एक दुसऱ्या रंगाची: ३१७. मी आयुष्यभर शपथेवर सांगितलं असतं की चार वेगळे रंग लावणं सगळ्यात शहाणपणाचं, त्याचा मोठा ढीग ३१२. दोन एका रंगाच्या आणि बाकीच्या दोन दोन वेगळ्या रंगांच्या: २७६. आणि दोन-दोन, म्हणजे लाल, लाल, निळा, निळा: २५६. सगळ्यात लहान हाच.

मला पटेना. म्हणून २५६ मी स्वतः मोजला, आणि तो हाताने मोजता येतो हीच गंमत आहे. एकही खुंटी मिळाली नाही, म्हणजे लाल-निळा कुठेच नाही. उरले चार रंग, चार गुणिले चार गुणिले चार गुणिले चार, २५६. फक्त एक काळी आली, तर लाल-निळ्यांपैकी नेमकी एकच खुंटी आहे आणि ती आपल्या जागी आहे. ती कुठली, याचे चार प्रकार, बाकीच्या तीन भोकांत चार-चार रंग, म्हणजे चार गुणिले चौसष्ट, पुन्हा २५६. फक्त एक पांढरी आली तरी तसाच हिशोब, २५६. तीन ढीग अगदी सारखे, जणू तराजूत घालून पाडलेले. त्या दुपारी छतावर नातीच्या आजीचे, म्हणजे माझ्या बायकोचे, बिबडे वाळत होते आणि ते राखायचं काम माझ्याकडे होतं. मी जिन्याच्या सावलीत बसून वही भरत होतो. पत्र्यावर कावळा उतरला ते मला कळलंच नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. पद्धत चालते कशी हे दाखवायला जावईबापूंनी एक डाव मांडला. वहीत आम्ही रंगांना आकडे दिले आहेत: लाल १, निळा २, हिरवा ३, पिवळा ४, केशरी ५, जांभळा ६. मी लपवलं होतं ३६३२, म्हणजे हिरवा, जांभळा, हिरवा, निळा. लॅपटॉपने सांगितलेला पहिला अंदाज ११२२. उत्तर एक काळी. उरल्या २५६. दुसरा अंदाज १३४४. उत्तर एक पांढरी. उरल्या ४४. तिसरा ३५२६. उत्तर एक काळी, दोन पांढऱ्या. उरल्या फक्त सात. त्या सात मी आणि नातीने दुसऱ्या दिवशी स्वतः यादी करून पडताळल्या: ६६२३, ४६२५, ६४२५, ३६३२, ३६६२, ५५३२, ४५६२.

इथपर्यंत सगळे माना डोलावत होते. चौथा अंदाज लॅपटॉपने दिला १४६२. लाल, पिवळा, जांभळा, निळा.

आजी कुरडयांचं पीठ मळता मळता बघत होती. ती पटकन बोलली, "लाल त नहीच शे, मंग काबर लावस वं?" नात आजीकडे बघत राहिली. आजीचं म्हणणं अगदी खरं होतं. वरच्या सातांपैकी एकातही १ नाही. म्हणजे १४६२ हे उत्तर असूच शकत नाही. हातात सात शक्यता असताना, त्यातली एक खेळायची सोडून, हरणार हे ठाऊक असलेला अंदाज कशाला वाया घालवायचा?

जावईबापूंनी काही न बोलता वही नातीपुढे सरकवली आणि सांगितलं, सातही शक्यतांना १४६२ चं काय उत्तर येतं ते लिही. तिने लिहिलं. ६६२३ ला दोन पांढऱ्या. ४६२५ ला तीन पांढऱ्या. ६४२५ ला एक काळी, दोन पांढऱ्या. ३६३२ ला एक काळी, एक पांढरी. ३६६२ ला दोन काळ्या. ५५३२ ला एक काळी. ४५६२ ला दोन काळ्या, एक पांढरी. सात शक्यता, सात वेगळी उत्तरं. एकही दुसऱ्यासारखं नाही. उत्तर काहीही येवो, पाचव्या अंदाजाला खूण पक्की. आणि सातांपैकीच एखादी खेळून बघितली, तर दर वेळी निदान दोन शक्यतांचं उत्तर सारखं येतं. ३६३२ खेळलात आणि ती चुकली, तर ४६२५ आणि ४५६२ दोघींनाही एक काळी, एक पांढरी. मग त्या दोघींत अंदाज, आणि तो चुकला की सहावा. आम्ही सातही एकेक करून तपासल्या. सातांत एकही अशी नाही जी बाकीच्यांना पूर्ण वेगळं पाडते. ते काम बाहेरचा १४६२ च करतो.

तेव्हा मला माझा पिलर आठवला.

फोन बंद पडल्याची तक्रार आली की बिघाड एक्स्चेंजमधल्या एमडीएफपासून (सगळ्या तारा जिथून बाहेर निघतात ती चौकट) ग्राहकाच्या भिंतीवरच्या डबीपर्यंत कुठेही असू शकतो. मधे रस्त्याकडेचा पिलर, म्हणजे तारांच्या जोडण्यांची उभी पेटी, पुढे खांबावरची डीपी, म्हणजे घरोघरच्या तारा वाटणारी छोटी पेटी, तिथून घरात गेलेली तार. नवीन लागलेला पोरगा सायकल काढून थेट ग्राहकाच्या दारात जायचा, कारण बिघाड बहुतेक वेळा शेवटच्या तारेतच असतो: माकडाने ओढली, पतंगाने अडकवली, पावसाने कुजवली. मला शिकवणारे जुने मेकॅनिक आधी पिलर उघडायला लावायचे. त्या फोनच्या तारांची जोडी शोधायची, टेस्ट फोन लावायचा, कान द्यायचा. टोन आली, तर एक्स्चेंजपासून पिलरपर्यंत सगळं साफ. नाही आली, तर ग्राहकाच्या दारात जाऊन उपयोगच नाही. पिलरमध्येच बिघाड असेल म्हणून आम्ही तो उघडत नव्हतो. तिथे उभं राहिलं की एक अख्खी बाजू विचारातून बाद होते, म्हणून उघडत होतो.

मी आजीला हेच सांगितलं. ती इतकी वर्षं माझ्या डब्याची भाकरी बांधत आली आहे, तिला पिलर माहीत आहे. ती "हां" म्हणाली आणि पुन्हा पिठाकडे वळली. त्या रात्री ती स्वतः पाटावर येऊन बसली.

नूथ यांच्या पद्धतीत सरासरी ४.४७६ अंदाज लागतात. १९९३ मध्ये कोयामा आणि लाई या दोघांनी सरासरीच कमीत कमी करायची असेल तर काय, हे शेवटपर्यंत मोजलं. त्यांचा आकडा ४.३४० च्या आसपास आहे, पण त्यात क्वचित सहावा अंदाज लागू शकतो. घरी खेळणाऱ्याला हा फरक जाणवणार नाही. मला नूथ यांचीच पद्धत जवळची वाटते, कारण ती वाईटात वाईट काय होईल याची काळजी घेते. तक्रारीच्या रजिस्टरवर आम्हीही तसंच काम करायचो.

मशीन सोबत घेऊन खेळायचं का? आमच्या घरात पहिले दोन दिवस तसं झालं आणि मजा गेली. नात आकडे टाकायची, लॅपटॉप अंदाज सांगायचा, ती खुंट्या लावायची. म्हणून नियम केला की डाव चालू असताना लॅपटॉप बंद. डाव संपल्यावर उघडायचा, आणि प्रत्येक अंदाजानंतर किती शक्यता उरल्या होत्या ते वहीत लिहायचं. याने जी शिकवण होते ती दुसऱ्या कशाने होत नाही. आपल्याला वाटतं आपण हुशार अंदाज लावला, आणि वही सांगते की ऐंशीच्या अठ्ठ्याहत्तर उरल्या होत्या.

डोक्याने खेळताना इतकं जमतं: सुरुवात दोन-दोनने करायची. दुसऱ्या-तिसऱ्या अंदाजाला, आधीच्या सगळ्या उत्तरांशी जुळणारी एखादी जोडणी शोधून लावायची, फार ताणायचं नाही. शक्यता दहाच्या आत आल्या असं वाटलं की कागदावर यादी करायची, आणि तेव्हा १४६२ सारखा बाहेरचा अंदाज शोधायचा. एवढ्यावर आमचे बहुतेक डाव पाचव्यात सुटायला लागले. नातीचे चौथ्यातही सुटतात.

लपवणाऱ्याबद्दलही वहीने एक गोष्ट दाखवली. लेक कधीच रंग दोनदा लावत नव्हती. चारही वेगळे असलेल्या जोडण्या फक्त ३६० आहेत, म्हणजे १२९६ च्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी. नातीने आईची ही सवय दहा डावांत पकडली आणि पुढे आठवडाभर तिला सारखं हरवलं. आता लेक डोळे मिटून पिशवीत हात घालते आणि हाताला येतील त्या चार खुंट्या लावते. माणूस स्वतःच्या मनाने लपवतो तेव्हा तो स्वतःसारखंच लपवतो. पिशवी बरी.

उत्तरांचे प्रकार किती, हा प्रश्नही पोरांना जरूर घाला. काळ्या-पांढऱ्या मिळून चारपर्यंत, म्हणजे मोजायला पंधरा होतात, प्रत्यक्षात चौदाच. तीन काळ्या आणि एक पांढरी कधीच येत नाही. का येत नाही, हे नातीला सांगावं लागलं नाही. तीन जागेवर बसल्या, तर चौथीला चुकायला दुसरी जागाच कुठे आहे? हे तिने स्वतः सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात जे होतं, त्यासाठी मी आणखी दोन डबे घेतले असते.

आता रंगांची तक्रार, आणि ही बनवणाऱ्यांनी मनावर घ्यायला हवी. दिवसा ठीक. रात्री पिवळ्या दिव्याखाली लाल आणि केशरी जवळपास सारखे दिसतात. वीज गेली आणि मेणबत्ती लावली की निळा-जांभळाही एक होतात, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात वीज जाते. त्याहून मोठी अडचण शेजारच्या भाऊंची झाली. ते एसटीतून निवृत्त झालेले, रोज संध्याकाळी येऊन बसायचे, खेळायची फार इच्छा. दोन डाव झाल्यावर कळलं की त्यांना लाल आणि हिरवा वेगळे दिसतच नाहीत. ते कुणाला न सांगता उठून जायला लागले. मला फार वाईट वाटलं. रंगांवरच उभा असलेला खेळ विकताना ज्यांना रंग दिसत नाहीत त्यांची आठवण ठेवायला किती खर्च येतो? खुंटीच्या डोक्यावर साच्यातच एक खूण पाडली असती तर काम झालं असतं.

शेवटी ते मी केलं. सुई तापवून प्रत्येक खुंटीच्या डोक्यावर टिंबं टोचली: लाल एक, निळा दोन, हिरवा तीन, पिवळा चार, केशरी पाच, जांभळा सहा, फाशावर असतात तशी. दोन दुपारी गेल्या आणि अंगठ्याला फोड आला. आता भाऊ बोटाने चाचपून रंग ओळखतात, वहीतले आकडे आणि टिंबं जुळतात, आणि अंधारातही डाव थांबत नाही. भाऊंनी परवा मला चौथ्यात सोडवलं.

आठ वर्षांच्या खालच्या मुलांसाठी हा डबा घेऊ नका. बारक्या खुंट्या तोंडात जाण्याइतक्या लहान आहेत आणि उत्तर देताना लागणारी मोजणी त्यांना झेपत नाही. आठवी-नववीची पोरं, घरी असलेली म्हातारी माणसं, आणि ज्यांना वही-पेन्सिल हातात घ्यायला आवडतं अशा कुणासाठीही जरूर घ्या. घेताना दुकानातच डबा उघडून खुंट्या मोजा, रंगवार. भोकांत एकदा लावून बघा. पाच भोकं आणि आठ रंगांचा मोठा प्रकारही मिळतो. त्यात ३२,७६८ शक्यता होतात. आम्ही तो अजून खेळलेलो नाही, पण नातीने दिवाळीसाठी मागून ठेवला आहे.

ती जूनमध्ये पुण्याला परत गेली. पाट माझ्याकडे आहे. रोज रात्री साडेनऊला तिचा फोन येतो. मी झाकणाआड खुंट्या लावतो, ती अंदाज सांगते, मी तिच्या वतीने ओळीत लावतो आणि उत्तर सांगतो, "काळी एक, पांढऱ्या दोन." पलीकडे पेन्सिलीचा आवाज ऐकू येतो. काल तिसऱ्या अंदाजानंतर ती म्हणाली, "आबा, पाच उरल्या. पाचांतली एकपण लावायची नाही मला, थांबा," आणि उद्यापर्यंत वेळ मागून घेतला. पाट टीव्हीशेजारी झाकून ठेवला आहे. झाडताना त्याला हात लावू नकोस, असं आजीला सांगून ठेवलं आहे.